फर्स्ट क्लासचं तिकीट आणि आपली नियमाची वही



"पुण्य केलं असेल म्हणून फर्स्ट क्लासने जायला मिळालं." हे वाक्य गेल्या दोन-तीन महिन्यांत मी तीन वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून ऐकलं. तिघीही मुलांकडे परदेशी जाऊन आलेल्या, तिघीही रोज दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी न घालणाऱ्या. मोबाइलवर फोटो दाखवताना हे वाक्य येतं, आणि ऐकणाऱ्या सगळ्या माना डोलावतात. मला त्या वाक्याशी भांडायचं आहे. तिकिटाशीही भांडायचं आहे, पण आधी वाक्याशी, कारण तिकीट परवडणाऱ्या आपल्यात थोड्या आहेत आणि वाक्यावर मान डोलावणाऱ्या सगळ्या.

संपत्ती पुण्याच्या उदयाने मिळते हे खरंच. पण आपल्याकडे पुण्याचेही दोन प्रकार सांगितले आहेत, हे स्वाध्यायाला बसणाऱ्या प्रत्येकीने ऐकलेलं आहे. पुण्यानुबंधी पुण्य आणि पापानुबंधी पुण्य. एक पुढे आणखी चांगल्याकडे नेतं, दुसरं भोगता भोगता पाप बांधून ठेवतं. म्हणजे "पुण्याने मिळालं" एवढं बोलून प्रश्न सुटत नाही, तिथून सुरू होतो. मिळालं, मग पुढे काय केलंस? मटका लागलेला माणूसही पुण्याचाच उदय म्हणणार की!

आता या फर्स्ट क्लासमध्ये असतं काय ते बघू. एमिरेट्सच्या ए-३८० विमानात पुढे चौदा खोल्या असतात, दार लावता येणाऱ्या. आत लांबलचक खुर्ची, तिचा पलंग होतो, अंथरूण घालून द्यायला माणूस येतो. आंघोळीची सोय असते, तीही शॉवरची, एकेकाला पाच मिनिटं वाहतं पाणी. बसल्या बसल्या शॅम्पेन विचारतात. जेवणात कॅव्हिआर मिरवतात. कॅव्हिआर म्हणजे स्टर्जन माशाची अंडी, हे आपल्यातल्या निम्म्या जणींना माहीत नसतं, त्या फोटोतल्या काळ्या दाण्यांकडे बघून "हे काय, सब्जा का?" असं विचारतात. आपण ते खात नाही, खरं आहे. मागे इकॉनॉमीतही शेजारचा माणूस चिकन खात असतो, तेही खरं. विमान काही आपल्या सोवळ्याने चालत नाही. पण पुढे जो जादा पैसा मोजायचा तो याच शोभेचा असतो. मद्य-मांस-मधुचा त्याग हा आपल्या मूलगुणांचा पाया, आणि ज्या थाटाचा मान शॅम्पेन आणि माशाच्या अंड्यांवर उभा आहे तो थाट आपण पुण्याचं फळ म्हणून गावभर सांगायचा?

आपल्यातल्या बऱ्याच जणींनी महाराजांकडून किंवा माताजींकडून परिग्रह-परिमाणाचा नियम घेतलेला आहे. वही असते. इतके तोळे सोनं, इतकी जमीन, इतक्या साड्या. शास्त्रात बाह्य परिग्रह दहा सांगितले: क्षेत्र, वास्तु, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य, भांड. त्यात विमानाचं तिकीट कुठे बसवायचं? घरात राहत नाही, कपाटात मावत नाही, वाटणीला येत नाही. म्हणून ते कुणाच्याच वहीत नाही. साडी घेताना दहादा मोजणारी बाई तिकिटाला मोजत नाही, कारण ती वस्तू नाही ना! हल्ली सगळी हौसच अशी झाली आहे. वस्तू कमी, अनुभव जास्त. रिसॉर्ट, क्रूझ, विमानातली खोली. वही कोरी आणि भोग चालू.

पण आपल्या आचार्यांनी ही पळवाट आधीच बुजवलेली आहे. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग-परिमाण हे वेगळं गुणव्रत आहे. एकदा भोगून संपतं तो भोग, जसं जेवण. पुन्हा पुन्हा वापरता येतं तो उपभोग, जसे कपडे. फर्स्ट क्लासची खुर्ची ही शुद्ध भोगात जाते. चौदा तासांत संपली. साडी निदान मुलीला देता येते, जुनी झाली तर गोधडीला लागते. आणि खरं सांगायचं तर दहातलेही तीन-चार तिथे भाड्याने हजर असतात. दाराची खोली ही वास्तु. चिनीमातीचं जेवणाचं ताट हे भांड. गुडघ्यावर बसून सपाता पुढे ठेवणारी मुलगी, तिला दासी म्हणायला जीभ अडखळते, पण एका रात्रीपुरतं आपण तेच विकत घेतलेलं असतं. तीही कुणाची तरी मुलगी, आपल्या लेकीच्या वयाची.

हिंसेबद्दल बोलू. आपण नळाला गाळणं बांधतो. पाणी गाळून झाल्यावर जिवाणी परत सोडण्याची शिस्त आपल्या आज्या पाळायच्या. अग्निकाय, वायुकाय हे शब्द आपण मुलांना पाठशाळेत शिकवतो. विमानात जळतं ते इंधन अग्नीच की. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१३ साली हिशोब मांडला होता: एकाच विमानात फर्स्ट क्लासच्या प्रवाशाच्या वाट्याला इकॉनॉमीच्या प्रवाशाच्या नऊ पटींपर्यंत धूर येऊ शकतो. ब्रिटिश सरकार लांबच्या प्रवासाला चार पट धरतं. आकडे वेगळे कारण हिशोबाच्या रीती वेगळ्या, पण तत्त्व साधं आहे. विमानातली जागा ठरलेली. जिथे एक पलंग टाकला तिथे कितीतरी खुर्च्या मावल्या असत्या, म्हणून त्या जागेचं इंधन त्या एकीच्या नावावर. "विमान तर जाणारच होतं, मी बसले काय नि नाही काय" असं म्हणतात. अगं, हाच युक्तिवाद खाटकाच्या दुकानासमोर उभा राहून कुणी केला तर तू काय म्हणशील? "बकरा तर कापलेलाच होता" हे आपण कधी मान्य केलं? विकत घेणारा आहे म्हणून ती जागा तशी बांधली जाते. आणि प्रवासच टाळावा असं मी म्हणत नाही. नातवंडं तिकडे असली की जावं लागतं, जीव ओढतो.

गुडघ्यांचं कारण सगळ्यात जास्त ऐकते. "पायात गुठळी होते म्हणे इकॉनॉमीत." गुठळीचा धोका लांबच्या प्रवासात वाढतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं आहे. पण तो वाढतो हालचाल न केल्याने. अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं की इकॉनॉमीत बसल्यानेच गुठळी होते याला चांगला पुरावा नाही. खिडकीशी बसणारे उठत नाहीत म्हणून त्यांचा धोका जास्त. म्हणजे उपाय काय? पॅसेजजवळची जागा, पाणी, आणि दर तासा-दोन तासांनी एक फेरी. ज्यांचं ऑपरेशन झालंय, पाठ मोडलीय, डॉक्टरांनी आडवं राहायला सांगितलंय, त्यांनी खुशाल मोठी जागा घ्यावी, त्यात मला काडीचंही वावगं वाटत नाही. पण त्याला शॉवर कशाला लागतो? बिझनेसमध्येही बऱ्याच विमानांत आडवं होता येतं.

एका मैत्रिणीचा मुद्दा मात्र ऐकण्यासारखा होता. ती म्हणाली, "फर्स्ट क्लासमध्ये जेवण मागाल तेव्हा मिळतं, म्हणून माझा रात्रीभोजन-त्याग पाळला जातो. इकॉनॉमीत रात्री एक वाजता ताट आणून ठेवतात." बरोबर आहे, आणतात. मग झाकण लावून परत द्यायचं. उपाशी राहू नये म्हणून लाखो रुपये घालायचे हा कुठला त्याग? त्यागात थोडी भूक धरलेलीच असते. शिवाय त्याची तयारी घरी होते. दुधात भिजवलेल्या दशम्या, कोरडी शेंगाचटणी, भडंग, राजगिऱ्याचे लाडू. कोरडं खाणं केबिनच्या बॅगेत चालतं. लोणचं आणि दही मात्र तपासणीत अडकतं. अमेरिकेत उतरताना उरलेलं खाणं फॉर्मवर किंवा तोंडी सांगावं, फळं आधीच संपवावीत. जैन जेवण तर इकॉनॉमीतही मिळतं, कंदमूळ, कांदा, लसूण नसलेलं. तिकिटावर व्हीजेएमएल असा कोड घालायला सांगायचं, साधारण चोवीस तास आधी, काही कंपन्यांना त्याहूनही आधी. सूर्याचं गणित अवघड आहे हे कबूल. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला येताना रात्र झटकन येते. मी निघायच्या गावच्या सूर्यास्ताला पच्चक्खाण घेते आणि उतरल्या गावच्या सकाळी सोडते. मधलं आकाश मोजत बसत नाही. यावर ज्ञानी लोकांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका.

"धर्मकार्याला चाललो होतो" हेही ऐकलं. तिकडच्या मंदिराची प्रतिष्ठा होती म्हणे. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं बोलावणं आत्मारामजी महाराजांना आलं होतं. साधू वाहनात बसत नाहीत, म्हणून ते गेले नाहीत, श्रावक वीरचंद गांधी बोटीने गेले. आमच्या भागातले आचार्य शांतिसागर महाराज दक्षिणेतून शिखरजीपर्यंत पायी गेले. वाहन ही आपल्याला, गृहस्थांना, मिळालेली सवलत आहे. सवलतीवर पलंग टाकायचा आणि वर धर्मकार्याचं नाव द्यायचं, हे मला पटत नाही.

पॉइंट्सवर फुकट मिळालं, असं सांगणाऱ्यांना एवढंच विचारते: कुणी सोन्याची बांगडी फुकट दिली तर ती वहीतल्या तोळ्यांत मोजत नाही का? कंपनीने स्वतःहून जागा बदलून पुढे बसवलं तर बसा बाई, भांडू नका. "पैसा आमचा आहे" याला मात्र माझं उत्तर नाही, कायद्याने तुमचाच आहे. सरकार इकॉनॉमीच्या तिकिटावर पाच टक्के जीएसटी घेतं आणि वरच्या वर्गांवर अठरा टक्के, म्हणजे गरज कुठली आणि चैन कुठली हे दिल्लीतल्या कारकुनालाही कळतं.

हे सगळं मी कुणाच्या चैनीवर जळून लिहीत नाही. लिहिण्याचं कारण दुसरंच आहे. एका घरातली गोष्ट, गाव सांगत नाही. मुलगा अमेरिकेत, घराचं कर्ज, लहान मूल पाळणाघरात, तिथलं पाळणाघर म्हणजे दुसरं कर्जच. मावसभावाने आपल्या आईला फर्स्ट क्लासने नेलं होतं. झालं. यांच्या आईने काही मागितलं नाही, फक्त दोनदा म्हणाल्या, "तिचं नशीब बघा." मुलाने तिकीट काढलं. इकडे समाजात कौतुक झालं, "पोरगं असावं तर असं." सून मला फोनवर म्हणाली, "काकू, आई येऊन परतसुद्धा गेल्या, आम्ही अजून ते तिकीट हप्त्याने फेडतोय. यांना सांगू नका, आणि आईंना तर मुळीच नको." सांगा, त्या मुलीने कुणाजवळ बोलायचं? नवऱ्याला म्हणाली तर सासूचा द्वेष करते, सासूला म्हणाली तर मुलाची किंमत काढते. आणि आपण इथे माना डोलावून "पुण्य, पुण्य" म्हणतो, ते त्या पोरीच्या पगारातून वळतं होतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण आपल्याच आज्यांची. आता अंथरूण विमानात घालून मिळतं म्हणून पाय किती पसरायचे?

आपल्याच समाजातल्या लक्ष्मीबाई पाटील आठवा, कर्मवीर भाऊरावांच्या पत्नी. वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. ती मुलं सगळ्या जातींची होती, त्यातलं एकही त्यांच्या पोटचं नव्हतं. त्या बाईचं नाव आपण कार्यक्रमात हार घालताना घेतो. फर्स्ट आणि इकॉनॉमीच्या भाड्यात पाच लाखांचा फरक धरला, तर आपल्या गावातल्या किती मुलींची वसतिगृहाची फी त्यात निघेल, ते ज्यांच्या घरात हिशोब बघणारं कुणी आहे त्यांनी आज रात्री काढून बघावं.

येत्या चातुर्मासात नियम घेताना तोळ्यांच्या आणि साड्यांच्या खाली एक ओळ मी माझ्या वहीत घालणार आहे: प्रवासात आजारपण सोडून इकॉनॉमीच्या वरची जागा घेणार नाही, दिली तर सांगत फिरणार नाही. मंडळात अजून दोघी तयार आहेत. आणि ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांनी तिकीट निघायच्या आधी स्वतः फोन करून सांगावं, मुलगा विचारेल याची वाट बघू नये: बाळा, पॅसेजजवळची जागा घे, जेवणाचा कोड टाक, आणि उतरल्यावर व्हीलचेअर लागेल तेवढं लिहून ठेव. ती सगळ्या वर्गांना मिळते, आणि जादा पैसे पडत नाहीत.