मित्राशी बोलताना 'च' काढा

वैऱ्याशी भांडायला तयारी लागत नाही. मित्राशी अवघड बोलायचे म्हटले, की जीभ जड होते. आपल्या वस्त्यांत अशा अबोल्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे पतपेढीचा जामीन. मित्राच्या कर्जाला आपण सही देतो, त्याचे हप्ते थकतात आणि एक दिवस आपल्याच पगारातून कपात सुरू होते. मग तो समोरून आला, तर जयभीम घालायचा टाळून आपण रस्ता बदलतो.

वाचक बंधू-भगिनींनो, अशा वेळी कामी येणारी एक विद्या आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ पासून मांडली. मराठी माणसापर्यंत ती आणली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. विवेकनिष्ठ मानसोपचार हे तिचे नाव. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. हप्ता थकला ही घटना. आपला संताप हा परिणाम. पण या दोहोंच्या मध्ये आपला एक विचार बसलेला असतो : 'त्याने असे वागताच कामा नये, तो नालायकच!' एलिससाहेबांना मराठी येत नसावे, पण त्यांनी नेमका आपला 'च' पकडला. तो काढला तरी नाराजी राहते, आणि ती राहावीच; पैसे आपल्या घामाचे आहेत. फरक एवढाच, की नाराज माणूस बोलू शकतो, संतापलेला नुसता ओरडतो.

आमच्यावर ही वेळ आली, तेव्हा आधी सगळे कागदावर लिहिले आणि जिथे जिथे 'च' होता तिथे काट मारली. मित्राच्या घरी मुलांदेखत विषय नको, म्हणून रविवारी अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळच्या टपरीवर चहाला बोलावले. म्हटले, "तीन महिने माझे पैसे कापले जातायत. घरात ओढाताण होते. तुझं काय चाललंय, ते आधी सांग." नंतर गप्प बसलो. हे गप्प बसणे सर्वांत कठीण. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "काम सुटलंय. घरी माहीत नाही. रोज डबा घेऊन लोकल पकडतो." आम्ही सल्ला दिला नाही, फक्त विचारले, "म्हणजे चार महिने तू हे एकट्यानं ओढतोयस?" तेव्हा त्याचे डोळे भरले.

कपात लगेच थांबली नाही. पण त्याने त्याच रात्री वहिनींना सांगितले, आणि हप्ता कमी करून घ्यायला आम्ही दोघे मिळून पतपेढीत गेलो.

एक लक्षात ठेवा : ही विद्या स्वतःवर चालवायची. 'तुझे विचार अविवेकी आहेत' असे मित्राला ऐकवलेत, तर तो चहा टाकून उठेल. आणि तो जगण्यालाच कंटाळल्याचे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, फोन फुकट, मराठीतही बोलता येते. त्याच्याशेजारी बसून तुम्हीच फोन लावून द्या.