न सांगता कळत नाही

कोडमधली एखादी ओळ कुणी लिहिली हे शोधायला आम्ही इंजिनीअर रोज एक कमांड वापरतो: ‘गिट ब्लेम’. नावातच दोषारोप. गिट आलं २००५ मध्ये. त्याच्या आधीच्या सबव्हर्जन नावाच्या प्रणालीत हीच सोय आहे, पण तिथे ‘ब्लेम’ला पर्यायी नाव दिलंय: ‘प्रेझ’. ब्लेम टाइप करा नाहीतर प्रेझ, स्क्रीनवर उमटतं ते एकच. मी दीड वर्ष सबव्हर्जनवरच्या एका जुन्या प्रोजेक्टवर काढलं. ‘प्रेझ’ टाइप करणारा एकही माणूस दिसला नाही. मीही केलं नाही.

आपल्या घरात वेगळं काय चालतं? भाजीत मीठ जास्त पडलं की पहिल्या घासालाच जाहीर होतं. मीठ बरोबर पडतं त्या बाकीच्या सगळ्या दिवशी ताटं मुकाट्याने रिकामी होतात. विचारलंच तर उत्तर तयार: ‘वाईट झालं असतं तर बोललो असतो की!’ म्हणजे आपण गप्प बसलो, हेच समोरच्याचं प्रशस्तिपत्रक. त्याने ते फ्रेम करून लावावं.

या गप्प बसण्याच्या बाजूने तीन कारणं दिली जातात. तिन्ही पोकळ आहेत.

पहिलं: कौतुक केलं की पोरं डोक्यावर बसतात. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’. पुढची अवघड कोडी सुटेनात तेव्हा ‘हुशार’ मुलं जास्त खचली. मेहनतीचं कौतुक झालेली चिकाटीने बसून राहिली. म्हणजे चुकीचं कौतुक नुकसान करतं, हे खरं. पण त्यावरचा उपाय नीट कौतुक करणं हा आहे. भात करपला म्हणून कुणी चूल फोडत नाही.

दुसरं: तोंडावर स्तुती म्हणजे खुशामत. फरक ओळखणं सोपं आहे. ‘सर, तुम्ही ग्रेट आहात’ ही खुशामत. ती कुठल्याही सरांना चिकटते. ‘सर, त्या दिवशी चूक माझी होती आणि क्लायंटसमोर तुम्ही ती टीमची म्हणून सांगितलीत, ते मी विसरलेलो नाही’ हे कौतुक. ते एकाच माणसाला, एकाच दिवसापुरतं बसतं. ऑफिसच्या चॅटवर टाळ्यांच्या इमोजींचा पाऊस पाडून पगारवाढीच्या वेळी हात वर करणारे मॅनेजर यात धरू नका. कौतुकाने ईएमआय भरता येत नाही, आणि येतो असं भासवणारं कौतुक ही फसवणूक आहे.

तिसरं, सगळ्यात लाडकं: आपल्या माणसांना काय सांगायचं, त्यांना कळतंच. नाही कळत. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली. समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज जास्त निघाला, त्याला किती बरं वाटेल याचा कमी. आणि पत्र नेमकं कशाबद्दल आहे याचं वाचणाऱ्यांना वाटलेलं आश्चर्यही अपेक्षेपेक्षा मोठं होतं. म्हणजे त्यांना ते माहीतच नव्हतं.

आपल्याकडे भाषाही अडवते. ‘शाब्बास’ हा शब्द मुळात फारसी, अर्थ ‘आनंदी राहा’. पण मराठीत तो वरून खालीच वाहतो. गुरुजी पोराला म्हणतात, पोराने गुरुजींना म्हटलं तर उद्धटपणा. वडिलांना काय म्हणायचं? ‘आभारी आहे’ म्हटलं तर ते घरात पाहुणे आल्यासारखे बघतील.

माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आवाज ऐकायचे. बिघाड कुठे आहे हे कळेपर्यंत पान्याला हात लावायचे नाहीत. आज बग आला की मी आधी लॉग वाचत बसतो, अंदाजाने एक ओळ बदलत नाही. ही शिस्त मला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांनी दिलेली नाही. त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ आणि ‘मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख’ हे तीन शब्द मिळाले. बाबा हसतमुख अजिबात नाहीत. स्क्रूड्रायव्हरबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही, मी फोटो काढत होतो.

मागच्या महिन्यात फोनवर एकदाचं सांगून टाकलं. ‘बाबा, मी काम करतो ते तुमच्यासारखं करतो. स्क्रूड्रायव्हर लावून.’ पलीकडे शांतता. मग म्हणाले, ‘टॅपेट नुसत्या कानानेही कळतो रे. स्क्रूड्रायव्हर लागतो तो बेअरिंगला.’ आणि मग वीस मिनिटं बोलत राहिले. ही युक्ती त्यांना डेपोतल्या एका म्हाताऱ्या फिटरने शिकवली होती, हे मला पहिल्यांदाच कळलं. मी विचारलं, ‘त्यांना कधी सांगितलंत?’

‘नाही. ते गेले. राहून गेलं.’

उधारी दोन पिढ्यांची निघाली.

ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पाठवायला आपल्याला दोन सेकंद लागतात. कीबोर्ड दुसरा शब्दही स्वतःच सुचवतो. तो मेसेज ज्याच्याबद्दल असतो, तो एकटाच तो वाचू शकत नाही. हातात फोन आहेच. ज्याचं नाव हे वाचताना मनात आलं, त्याला एक गोष्ट सांगा: नेमकी, छोटी, घडलेली. अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या.