दिवा लागला, पण आवाज?

आजींचे वय पंच्याऐंशी. पाळणे आणि लग्नातली जुनी गाणी पाठ असणाऱ्या घरात त्या एकट्याच उरलेल्या. नातवाने हौसेने माइक आणला, ऑडिओ इंटरफेसची छोटी डबी घेतली आणि केबलने ती मोबाइलला जोडली. डबीवरचा दिवा लागला. आजी पाऊण तास गायल्या. रात्री ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा त्यांचा आवाज दुरून आल्यासारखा आणि पंख्याची घरघर त्याहून मोठी! डबी जोडलेली असूनही अ‍ॅपने आवाज घेतला होता तो फोनच्याच अंगच्या माइकमधून. दुसऱ्या दिवशी आजींचा घसा बसला.

दिवा फक्त वीज पोहोचल्याचे सांगतो. म्हणून अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये इनपुट म्हणून यूएसबी निवडले आहे का, हे प्रथम पाहावे. मग माइकच्या जाळीवर नखाने हलकेच खरवडावे आणि पडद्यावरची आवाजाची पट्टी हलते का, ते पाहावे. तसेच फोनच्या खालच्या कडेवरही खरवडावे. तिथे पट्टी जोरात उसळली, तर काम चुकीच्या माइकवर चालले आहे.

खरेदीतही फसगत होते. २०१६च्या आयफोन ७पासून हेडफोनचे गोल छिद्र गेले. २०२३च्या आयफोन १५मध्ये टाइप-सी आले. टाइप-सीला हेडफोन जोडणारे अ‍ॅडॉप्टर दिसायला सारखे, पण आतून दोन प्रकारचे. एकात आवाजाचे रूपांतर करणारी चिप असते, दुसऱ्यात नुसती तार. तारेचा अ‍ॅडॉप्टर अनेक फोनांवर मुकाच राहतो. तेव्हा स्वतःचा फोन दुकानात नेऊन, वाजवून पाहूनच पैसे द्यावेत. माल पारखून घेणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

इंटरफेस वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय चालणारा असावा. कंडेन्सर माइकला बहुधा ४८ व्होल्ट लागतात. तो भार फोनला पेलला नाही तर डबी मध्येच बंद पडते. अशा वेळी स्वतंत्र चार्जर लागणारा यूएसबी हब मध्ये जोडावा. डायनॅमिक माइकला हे ४८ व्होल्ट लागत नाहीत.

हेडफोन मात्र तारेचाच हवा आणि तो फोनला नव्हे, इंटरफेसला लावावा. ब्लूटूथमध्ये आवाज कानाशी पोहोचायला अनेकदा सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. हवेत ध्वनी तेवढ्या वेळात सुमारे ३४ मीटर जातो. स्वतःचा सूर इतक्या दुरून परत येऊ लागला की मुरलेला गायकही लयीत अडखळतो. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चे बटण असल्यास ते चालू करावे, मग आवाज फोनचा फेरा न घेता थेट कानात येतो. मात्र अ‍ॅपमधले मॉनिटरिंग बंद ठेवावे, नाहीतर एकच सूर दोनदा ऐकू येतो. हेडफोन कान पूर्ण झाकणारा असावा, नाहीतर त्यातला तानपुरा माइकमध्ये झिरपतो.

आठवड्याने आजी पुन्हा बसल्या. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद. आधी एकच कडवे मुद्रित करून ऐकले गेले, मग पुढचे. मागच्या खेपेला म्हटलेला एक पाळणा मात्र त्यांना काही केल्या आठवेना. पंख्याच्या घरघरीतला तो पाळणा नातवाने पुसून टाकलेला नाही.