विणकामाचे पुस्तक हेही पुस्तकच

लेखन म्हणजे काय, असे आपल्या कला शाखेत कोणालाही विचारले तर कविता, कथा, कादंबरी, नाटक, फार झाले तर ललित निबंध अशी ठरलेली उत्तरे मिळतील. स्वेटरचा नमुना लिहिणे हेही लेखनच आहे असे कोणी म्हटले, तर वर्गात हशा पिकेल. "तो तर बायकांचा दुपारचा उद्योग!" असा शेराही मागच्या बाकावरून ऐकू येईल. माझे मत मात्र असे आहे की, विणकामाचे चांगले पुस्तक लिहिणे हे अतिशय अवघड आणि जबाबदारीचे लेखन आहे. त्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा स्वतः साधे टोपडे लिहून दाखवावे.

कथेतला एखादा शब्द सैल पडला तर वाचक क्षमा करतो. नमुन्यातला एक आकडा चुकला तर महिनाभराचे काम उसवावे लागते. समजा, ४० इंच घेराचा स्वेटर विणायचा आहे आणि नमुना रचणाऱ्या बाईंच्या हाताने एका इंचात ५ टाके बसतात. तेव्हा त्या २०० टाके लिहिणार. पण विणणारीचा हात थोडा सैल असून तिचे इंचाला साडेचारच टाके बसत असतील, तर त्याच २०० टाक्यांचा घेर जवळजवळ साडेचव्वेचाळीस इंच भरतो. पुस्तकातला आकडा बरोबर, विणणारीची मोजणीही बरोबर, तरी स्वेटर मात्र ढगळ! म्हणून आधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर एक लहानसा चौकोन विणून टाके मोजून घ्या, हे ज्या पुस्तकात पहिल्या पानावर सांगितलेले नसते, ते पुस्तक वाचकाला तोंडघशी पाडते.

परदेशी नमुन्यांची आंधळी भाषांतरे तर याहून घातक. ८ नंबरची सुई इंग्लंडच्या जुन्या मोजणीत ४ मिलिमीटर जाडीची, तर अमेरिकन मोजणीत ५ मिलिमीटरची. शिवाय इंग्लंडच्या त्या मोजणीत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत नंबर वाढला की जाड होते. भाषांतर करणाऱ्याला दोन्ही भाषा येतात, पण हातात कधी सुया धरलेल्या नाहीत; मग 'नंबर ८' हा शब्दशः अचूक असूनही चूक ठरतो. भाषांतराच्या तासाला द्यायला याहून चांगले उदाहरण मला तरी आढळलेले नाही.

हे ज्ञान फार काळ एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले. एडिंबरो येथे दुकान चालवणाऱ्या जेन गोगेन या बाईंनी १८४० साली विणकामाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि टाक्यांसाठी स्वतःची संक्षिप्त चिन्हे योजली. इंग्रजीतल्या आरंभीच्या अशा पुस्तकांत त्याची गणना होते. हातांनी जाणलेले कागदावर उतरवायचे तर आधी त्याची लिपी घडवावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु माझ्या मते या विषयातले खरे लेखक म्हणून नाव घ्यावे ते एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांचे. जन्म इंग्लंडमधला, चित्रकलेचे शिक्षण स्वित्झर्लंड आणि जर्मनीत, आणि पुढचे आयुष्य अमेरिकेत. एकदा त्यांनी एका मासिकाला गोल विणीच्या स्वेटरचा नमुना दिला. संपादकांनी तो परस्पर बदलून, पाठ-पोट सुटे विणून शिवण्याच्या पद्धतीने छापला. कवितेच्या ओळी कोणी अशा फिरवल्या असत्या तर साहित्यजगतात केवढा गहजब झाला असता! झिमरमनबाईंनी १९५८ साली स्वतःचे वार्तापत्र काढले आणि पाठोपाठ स्वतःची प्रकाशनसंस्था उभारली. 'निटिंग विदाउट टिअर्स' हे त्यांचे पुस्तक १९७१ साली आले.

त्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी हुकूम सोडले नाहीत, नियम समजावून दिला. अंगाच्या घेराचे टाके शंभर टक्के धरायचे आणि बाकीची मापे त्यावरून काढायची. घेराचे २०० टाके असतील, तर मनगटाला २० टक्के म्हणजे ४०, दंडाला सुमारे ३३ टक्के म्हणजे ६६, काखेत ८ टक्के म्हणजे १६ आणि गळ्याला ४० टक्के म्हणजे ८०. एवढे कळले की लोकर जाड असो की बारीक, अंगात घालणारा पहिलवान असो की पाच वर्षांचे पोर, विणणारीला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. गाईड वाचून परीक्षा पास होता येते, पण विषय येत नाही, हे आम्हा विद्यार्थ्यांना कोणी सांगायला नको. नमुन्यांची बहुतेक पुस्तके गाईडासारखी असतात. झिमरमनबाईंचे पुस्तक शिक्षकासारखे आहे.

आपल्याकडे परिस्थिती काय आहे? बाळंतविड्यात लोकरीचे टोपडे आणि मोजे आजही हौसेने ठेवले जातात. माझी आत्या टोपडी विणते. तिच्या टोपड्याचा घुमट इतका सुबक बसतो की विकतच्या टोपीला ती सर नाही. गेल्या वर्षी मी वही घेऊन तिच्याजवळ बसले. "इथे दोन टाके एकत्र घ्यायचे," ती म्हणाली. मी विचारले, "किती वेळा?" "डोकं गोल होईपर्यंत!" पुन्हा विचारले, तर म्हणाली, "अगं, सुईकडे बघ, माझ्या तोंडाकडे काय बघतेस?" चार दुपारी मोजत बसल्यावर हिशेब हाती आला. ८० टाके, एक ओळ सोडून एका ओळीत, सारख्या अंतराने आठ ठिकाणी दोन-दोन टाके एकत्र, असे नऊ वेळा केले की आठ टाके उरतात, त्यांतून दोरा ओवून आवळायचा. माझ्या वहीत हे चार ओळींत मावले. आत्याच्या हातात ते चाळीस वर्षे होते. आता तिला बारीक टाके दिसत नाहीत. ती वही नसती, तर हे टोपडे आमच्या घरातून तिच्याबरोबरच संपले असते. अशा किती आत्या, माम्या आणि आज्या गावोगावी असतील!

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, लुधियानाचे यंत्रावरचे स्वेटर स्वस्तात मिळत असताना हा खटाटोप कशाला? छापील कविता मिळते म्हणून आपण कविता लिहिणे सोडत नाही, तसेच हे. दुसरा आक्षेप असा की, मोबाईलवर चित्रफिती असताना पुस्तक कोण उघडणार? चित्रफीत हात कसा चालतो ते उत्तम दाखवते, हे मला मान्य आहे. पण बहुधा ती एकाच मापाचा एकच स्वेटर दाखवते. आपल्या मापाचा हिशेब करायचा तर नियम शांतपणे वाचावा लागतो, पान मागे उलटावे लागते, समासात आकडे मांडावे लागतात.

स्वयंपाकाच्या बाबतीत हे आपण केव्हाच मान्य केले आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने घराघरांत पोचले. त्याला पुस्तक म्हणायला आज कोणी कचरत नाही. मग विणीनेच काय पाप केले आहे?

म्हणून माझी सूचना साधी आहे. आमच्या मराठी विभागाने प्रकल्पासाठी लोकगीते आणि म्हणी गोळा करायला सांगाव्यात, त्यांच्या जोडीला घरातला एक विणीचा नमुनाही लिहून आणायला सांगावे, आणि तो मुलग्यांनाही सांगावा! प्रत्येक नमुन्यात लोकरीची जाडी, सुईची मिलिमीटरमधली जाडी आणि इंचातले टाके असावेत. का, हे प्रत्येक पायरीला लिहावे. छापण्यापूर्वी तो नमुना कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या कोणीतरी नुसत्या लेखनावरून विणून पाहावा. आणि खाली नमुना रचणारीचे नाव असावे. निवडक नमुन्यांना याच वार्षिकात कवितांच्या शेजारी दोन पाने मिळावीत, एवढी संपादक मंडळाला विनंती. पहिला नमुना म्हणून आत्याचे टोपडे द्यायला मी तयार आहे. विणून पाहणारे दोन हात तेवढे हवे आहेत.