ड्रॅगन खोटा, कापड खरे

मालिका-सिनेमाचा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. विचारणे रास्तच आहे. पण जिथे कापड लागते, कातडे लागते, सुई-दोरा लागतो आणि कारागिराला मजुरी द्यावी लागते, तिथे आपला संबंध येतोच. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही अमेरिकन मालिका २०११ ते २०१९ या काळात चालली. आठ पर्वे, ७३ भाग. आपल्या मोहल्ल्यांतील तरुणांनीही ती मोबाइलवर पाहिली. तीत नग्नता आणि रक्तपात इतका आहे की घरच्या माणसांसमवेत बसून पाहण्याजोगी ती नाही, आणि ती पाहा असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. आम्हाला गरज आहे ती तिच्या हिशेबाची. पडद्यावरचा ड्रॅगन संगणकाने काढला. त्याच्याजवळ उभ्या असलेल्या राणीचा झगा मात्र कोणीतरी बेतला, शिवला, त्यावर भरतकाम केले आणि त्याचे बिल फाडले.

मालिकेचा मूळ माल म्हणजे जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या. पहिली १९९६ साली निघाली, पाचवी २०११ साली. हे गृहस्थ त्याआधी टीव्हीसाठी लिहीत असत. तिथे खर्च वाढतो म्हणून हे काढा, ते छाटा, असे त्यांना सतत ऐकावे लागे. कादंबरी लिहायला बसल्यावर त्यांनी खर्चाचा विचारच सोडून दिला. लेखकाचे बरे असते. दहा हजार शिपाई उभे करायला त्याला शाईची एक ओळ पुरते. कपडेवाल्याला त्यातल्या पाचशेंची तरी मापे घ्यावी लागतात, आणि कारागिराची मजुरी शाईत भागत नाही.

एचबीओ या कंपनीने बेनिऑफ आणि वाइस या दोघांवर काम सोपवले. २००९ साली नमुन्याचा पहिला भाग चित्रित झाला. तो मालकांना पसंत पडला नाही. दोन मुख्य नट्या बदलल्या, दिग्दर्शक बदलला आणि त्या भागाचा बहुतेक मजकूर पुन्हा चित्रित झाला. यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की नापास नमुन्याचा भुर्दंड ज्याने नमुना मागितला त्याने सोसला. आपल्याकडे तो कोण सोसतो हे भिवंडीत, मालेगावात वेगळे सांगायला नको. पुढे पहिल्या पर्वाच्या एका भागाला सुमारे साठ लाख डॉलर आणि शेवटच्या पर्वाच्या एका भागाला सुमारे दीड कोटी डॉलर खर्च आल्याचे आकडे त्या त्या वेळी छापून आले. म्हणजे धंदा चालला म्हणून भांडवल वाढवत नेले. पहिल्याच दिवशी सगळी थैली रिकामी केली नाही.

आता जागेकडे येऊ. मालिकेचा मुख्य तळ उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात होता. एकेकाळी जगात सर्वांत जास्त लिनन, म्हणजे जवसाच्या धाग्याचे कापड, या शहरात तयार होत असे. जहाजबांधणीही तिथलीच; बुडालेले 'टायटॅनिक' तिथेच बांधले गेले. पुढे लिननच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जहाजांचे काम आटले, आणि धर्मावरून, राजकारणावरून चाललेल्या दंगलींत व बाँबस्फोटांत तीस वर्षे गेली. अशा शहरात जहाजांचे भाग रंगवण्यासाठी बांधलेली एक प्रचंड शेड रिकामी पडली होती. तिचा स्टुडिओ झाला. शेजारच्या बॅनब्रिज गावात जुन्या लिनन गिरणीचाही स्टुडिओ झाला, आणि फेब्रुवारी २०२२ पासून तिथे तिकीट काढून लोक मालिकेचे पोशाख व देखावे पाहायला येतात. तिथल्या सरकारी चित्रपट संस्थेने आठ पर्वांत मिळून सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांची मदत केली आणि प्रदेशात सुमारे २५ कोटी पौंड खर्ची पडले, असा तिचाच हिशेब आहे. सरकारी आकड्यांतून थोडा वटाव कापून घ्यायची आमची सवय आहे. पण निम्मे धरले तरी सौदा तोट्याचा ठरत नाही.

हे वाचून मुंबईच्या गिरण्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९८२ च्या संपानंतर त्या जमिनींवर मनोरे आणि मॉल उभे राहिले. कुलाब्याच्या मुकेश मिलमध्ये चित्रीकरणे झाली खरी, पण ती भिंतींची झाली. आत कोणी कापड विणले नाही की शिवले नाही. बेलफास्टला नुसती शेड भाड्याने गेली नाही. तिच्याबरोबर सुतार, शिंपी, चर्मकार, हत्यारे घडवणारे लोहार यांना जवळजवळ दहा वर्षे एकाच मालकाचे सलग काम मिळाले. ग्लेनआर्म गावच्या स्टीन्सन या सोनारकाम करणाऱ्या घराण्याच्या पेढीने मालिकेसाठी मुकुट आणि ब्रोच घडवले, आणि आज गिऱ्हाईक ते नाव विचारत त्यांच्या दुकानी येते.

पोशाखाच्या कामाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपला व्यवसाय तोच. बहुतेक पर्वांचे पोशाख मिशेल क्लॅप्टन या बाईंच्या देखरेखीखाली झाले. त्यांचा पहिला प्रश्न 'काय चांगले दिसेल' हा नसे. 'या मुलखात काय मिळते' हा असे. थंड उत्तरेकडच्या माणसांना जाड लोकर, कातडे, मेंढीचे कातडे. गरम दक्षिणेच्या दरबाराला रेशीम आणि झुळझुळीत कापड. मुलूख काल्पनिक, पण तिथल्या कापडाची बाजारपेठ मनात पक्की. आपल्या पौराणिक-ऐतिहासिक मालिकांत राजवाड्यापासून रणांगणापर्यंत सगळीकडे एकच चकचकीत कृत्रिम सॅटिन दिसते, त्याचे कारण हा प्रश्न कोणी विचारत नाही हेच आहे.

या बाईंनी २०१६ साली एका जाहीर भाषणात सांगितले की बर्फाळ भिंतीवरच्या पहारेकऱ्यांच्या खांद्यावरची भारदस्त घोंगडी म्हणजे आयकियाच्या दुकानातून आणलेले तयार गालिचे होते. (त्याच आयकियाचे दुकान २०२० पासून नवी मुंबईत तुर्भ्यालाही आहे.) ते कापले, त्यांची लव छाटली, त्यांना कातड्याचे मजबूत पट्टे लावले आणि मग ते जुने केले. हे 'जुने करणे' हा तिकडे स्वतंत्र विभाग असतो. नवा कपडा पॉलिश पेपरने घासायचा, रंगाने मळवायचा, मेण चोळायचे, कोपर व गुडघा झिजवायचा; तो दहा वर्षे अंगावर होता असे वाटले पाहिजे. गंमत पाहा. आपल्या ग्रे मालाच्या ताक्यावर तेलाचा एक ठिपका आढळला तर पार्टी सगळा ताका परत पाठवते. तिकडे डाग पाडणारा पगारी नोकर आहे! डागालाही किंमत येते, मात्र तो मोजून-मापून, हवा तिथे, हवा तेवढाच पाडता आला पाहिजे. रंगारी आणि धुलाईवाल्या आपल्या बांधवांना हे काम अवघड नाही. जीन्सच्या धुलाईत ते रोज हेच करतात, फक्त त्याला ते मजुरी म्हणतात, कला म्हणत नाहीत.

आणि भरतकाम. मिशेल कॅराघर या बाईंकडे ते होते. जुनी वस्त्रे दुरुस्त करून जतन करण्याचे काम करून त्या या क्षेत्रात आलेल्या. एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावर त्यांनी एक पट्टी भरली. तीत मुलीच्या माहेरचा लांडगा, आजोळचा मासा आणि मागे मानेपाशी सासरचा सिंह. म्हणजे मुलीची सगळी कथा सुईने सांगितली. दुसऱ्या एका राणीच्या पोशाखावर ड्रॅगनच्या खवल्यांसारखे टाके आहेत, आणि जसजसे तिचे बळ वाढते तसतसे ते पोशाखापोशाखाने वाढत जातात. पडद्यावर हे काही क्षणच दिसते. किती जणांनी नीट पाहिले असेल कोण जाणे. पण या बाईंचे नाव भरतकाम करणाऱ्यांत जगभर झाले आणि लोक त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले.

आमचा खरा मुद्दा इथे आहे. गोवंडी, धारावी, मदनपुरा इथे अड्ड्यावर बसून जरदोजी करणारा आपला कारागीर या कामात कुठेही कमी नाही. परदेशातील नामांकित घराण्यांचे भरतकाम मुंबईत होते हे व्यापारात सर्वांना ठाऊक आहे. फक्त नाव कुठेही येत नाही, आणि मजुरी मधल्या चार हातांतून झिरपत येते. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराकडे एका मालिकेसाठी पोशाखांचे काम आले. मागणी तोंडी, मुदत सहा दिवस, नमुना म्हणजे मोबाइलवरचे एक चित्र. कापड आमच्याकडून उधारीने गेले. कारागीर रात्री जागले. माल गेल्यावर देखावा बदलला, निम्मे पोशाख नकोत असा निरोप आला. पैसे आठ महिन्यांनी आणि तेही कापून मिळाले. त्या कारखानदाराच्या दोन मुलांपैकी एकही आज या कामात नाही. आम्ही त्यांना दोष देऊ शकत नाही.

कारागिराचे नाव पुसले जाणे नवीन नाही, हे खरे. याच मालिकेचे एका पर्वातले चित्रीकरण स्पेनमधील सेव्हिल शहरातल्या अल्काझार राजवाड्यात झाले. चौदाव्या शतकात ख्रिस्ती राजा पेद्रोने तो वाढवला तेव्हा त्याच्या भिंतींवरचे नक्षीकाम मुस्लिम परंपरेतल्या कारागिरांनी केले. ग्रानाडाहूनही कारागीर आले होते. भिंतीवर राजाचे नाव आहे. सहाशे वर्षांनी मालिकेला दुसऱ्या जगातला महाल दाखवायचा होता, तेव्हा तो नव्याने बांधण्यापेक्षा या अनामिकांच्या हातचा महाल भाड्याने घेणे परवडले.

तेव्हा करायचे काय? आपल्याकडे अशा मालिका होणारच. काल्पनिक कथांचा साठा आपल्याकडे अफाट आहे. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीला 'तिलिस्म-ए-होशरुबा'ची ओळख आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ती १८८३ पासून खंडाखंडाने छापली. देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता'वर दूरदर्शनने १९९४ साली मालिका दाखवली. अय्यार, जादूगार, शहजादे, तंबू, लष्कर: यांना चोगे, कबा, पटके, झूल लागणारच. ते काम आल्यावर आपला माणूस पुन्हा तोंडी मागणीवर रात्री जागणार की हातात कागद मागणार, एवढाच प्रश्न आहे. आमच्या मते कापडवाला, रंगारी, जरीकाम करणारा आणि शिंपी अशा चौघांनी एकत्र बसून नमुन्यांचे एक पुस्तक करावे. प्रत्येक तुकड्यामागे लागलेले तास आणि तासाचा दर लिहावा. मीटरवर दर लावला की भरतकामाची किंमत बुडते. मागणी लेखी, निम्मी रक्कम आगाऊ, नमुना बदलला तर त्याचा खर्च मागणाऱ्याचा, आणि शेवटच्या नामावलीत कारखान्याचे नाव. पहिल्या तीन अटी मान्य झाल्या तरी पुष्कळ झाले. चौथी मागायला तर पैसे पडत नाहीत.

मात्र सगळी अंडी या टोपलीत कोणी ठेवू नयेत. बेलफास्टलाही तो धडा मिळाला. २०१९ मध्ये मालिका संपली. त्याच कथाविश्वातल्या दुसऱ्या एका मालिकेचा नमुना तिथे चित्रित झाला, पण तो कंपनीने रद्द केला. २०२२ मध्ये आलेल्या 'हाउस ऑफ द ड्रॅगन'चा मुख्य तळ इंग्लंडमध्ये गेला. पुन्हा २०२४ मध्ये त्याच लेखकाच्या वेगळ्या कथांवरील मालिकेचे चित्रीकरण उत्तर आयर्लंडमध्ये झाले. मोठी पार्टी अशीच असते, येते आणि जाते. बॅनब्रिजच्या फर्ग्युसन या लिनन कारखान्याचे कापड वापरून पर्यटन खात्याने संपूर्ण मालिकेची गोष्ट सांगणारा एक पट करवून घेतला होता. जकार्डवर विणलेला, वर हाताने भरलेला, वाढत वाढत सुमारे ९० मीटर लांब झालेला. पार्टी गेली तरी ते कापड राहिले.

ज्या बांधवांनी मालिकांसाठी किंवा नाटकांसाठी पोशाखांचे, रंगाईचे वा जरीचे काम केले असेल, त्यांनी मिळालेला दर, मुदत आणि पैसे किती दिवसांनी मिळाले एवढे तीन आकडे या पानाच्या पत्त्यावर लिहून कळवावेत. नावे छापण्याची गरज नाही. पंधरा-वीस ठिकाणचे दर हाती आले तर पुढच्या वेळी मागणी घेताना काय मागायचे हे सर्वांनाच कळेल.