विश्लेषण : मातीवरची मुले टर्फवरच्या लीगसाठी तयार आहेत का?

सात वर्षांच्या खंडानंतर हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली आणि महिलांच्या पहिल्या लीगचा अंतिम सामना साताऱ्याच्या मुलीच्या दोन गोलांनी जिंकला गेला. त्यानंतर मराठवाड्यातल्या शाळांमध्ये स्टिक हातात घेणाऱ्या मुला-मुलींच्या पालकांसमोर एक प्रश्न उभा राहिला आहे. आपले पोर तिथपर्यंत पोहोचू शकते का? हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरसारख्या गावातून पाहिले तर हे अंतर नेमके किती आहे आणि ते कशाने मोजायचे, याचा हा आढावा.

लीगमध्ये नवोदितांना जागा किती?

हॉकी इंडिया लीग २०१३ ते २०१७ या काळात खेळली गेली आणि मग बंद पडली. २८ डिसेंबर २०२४ रोजी ती राउरकेला येथे पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ होते आणि या वेळी प्रथमच महिलांचेही चार संघ उतरले. नियमानुसार प्रत्येक संघात २४ खेळाडू. त्यातले आठ परदेशी आणि १६ भारतीय, आणि या भारतीयांमध्ये किमान चार ज्युनियर खेळाडू घेणे बंधनकारक.

हिशेब सोपा आहे. पुरुषांच्या आठ संघांत ज्युनियरांना किमान ३२ जागा, महिलांच्या चार संघांत किमान १६. संपूर्ण देशासाठी मिळून ४८. पंजाब, हरियाणा, ओडिशा, झारखंड, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, मणिपूर या राज्यांतल्या अकादम्यांमधून दरवर्षी बाहेर पडणारी मुले याच जागांवर डोळा ठेवून असतात. शिवाय संघात नाव असणे म्हणजे मैदानात उतरणे नव्हे. अनुभवी भारतीय आणि परदेशी खेळाडूंमधून वेळ उरला, तरच ज्युनियरला संधी.

पैसा किती?

लिलावासाठी पुरुष संघाला चार कोटी आणि महिला संघाला दोन कोटी रुपये खर्चाची मर्यादा होती. मूळ बोली दोन, पाच आणि दहा लाख अशा तीन गटांत होती. सर्वाधिक ७८ लाखांची बोली भारतीय कर्णधार हरमनप्रीत सिंगवर लागली, तर महिलांमध्ये उदिताला ३२ लाख मिळाले. नवोदित बहुतांशी खालच्या गटात असतात. तरीही काही आठवड्यांच्या स्पर्धेसाठी दोन लाख रुपये ही रक्कम कोरडवाहू शेती असलेल्या कुटुंबासाठी लहान नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ खेळाचा राहत नाही. सोयाबीन आणि हळदीच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घरात मुलीला खेळासाठी बाहेर पाठवायचे का, हा निर्णय या आकड्यांकडे पाहून घेतला जातो. पण ही रक्कम वाटेच्या शेवटी आहे. त्याआधीच्या सात-आठ वर्षांत ती मिळण्याची कोणतीही हमी नाही, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्राचे सध्याचे स्थान काय?

लीगच्या या पर्वात महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. पूर्वी मुंबई मॅजिशियन्स आणि नंतर दबंग मुंबई हे संघ होते. २०१५च्या लीगसाठी दबंग मुंबईनेच किशोरवयीन हरमनप्रीतवर ५१ हजार डॉलरची बोली लावली होती. त्याच वर्षी तो भारताच्या वरिष्ठ संघात आला. घरचा संघ असला की स्थानिक मुलांना निवड चाचणी, सराव, प्रशिक्षकांची नजर हे सारे जवळ मिळते. महाराष्ट्राकडे आज ते नाही.

पुरुषांच्या बाजूने चित्र फिकट आहे. चार ऑलिम्पिक खेळलेला खडकीचा धनराज पिल्ले हे राज्याचे सर्वांत मोठे नाव. पण २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मुंबईचा देविंदर वाल्मिकी खेळला, त्यानंतर टोकियो आणि पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या दोन्ही संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता.

मुलींच्या बाजूने मात्र हालचाल दिसते. फलटण तालुक्यातल्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके भारताच्या वरिष्ठ संघातून खेळल्या. सातारा जिल्ह्यातल्याच ऋतुजा पिसाळने २६ जानेवारी २०२५ रोजी रांचीत सूरमा हॉकी क्लबविरुद्ध ओडिशा वॉरियर्ससाठी दोन्ही गोल केले. दुसरा गोल सामना संपायला तीन मिनिटे उरली असताना आला आणि वॉरियर्सने २-१ असा विजय मिळवला.

मग ऋतुजा एका रात्रीत तयार झाली का?

नाही. इथेच ‘तयारी’चा अर्थ कळतो. लीगआधी ती जून २०२३ मध्ये जपानमध्ये ज्युनियर आशिया चषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला झालेल्या हॉकी फाइव्हज विश्वचषकात भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या, त्या संघातही तिचा समावेश होता. म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात उतरताना तिच्यामागे मोठ्या सामन्यांची सवय होती. नावाने नवोदित असली, तरी दबावाला ती नवी नव्हती.

अक्षता आणि वैष्णवी यांचा मार्गही असाच टप्प्याटप्प्याचा आहे. गावातली शाळा, तालुक्याच्या ठिकाणचा सराव, पुण्याची क्रीडा प्रबोधिनी, ज्युनियर संघ आणि मग वरिष्ठ संघ. शालेय संघातून थेट लीगमध्ये अशी उडी यात कुणीच घेतलेली नाही.

‘तयार’ आहे हे कशावरून ठरते?

ढोबळमानाने चार गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, दमसास. सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा असतो आणि खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. त्यामुळे मैदानात असलेल्याने काही मिनिटे पूर्ण वेगाने पळायचे, बाहेर बसून श्वास घ्यायचा आणि पुन्हा तसेच पळायचे, अशी आजच्या हॉकीची रचना आहे. लांब पल्ल्याची दौड मारणारा मुलगा यात टिकेलच असे नाही. वारंवार वेगाने पळून लवकर सावरणारा टिकतो. म्हणून संघ यो-यो चाचणी घेतात आणि सरावात पाठीवर जीपीएस यंत्र लावून अंतर व वेग मोजतात.

दुसरी, पहिला स्पर्श. चेंडू स्टिकवर थांबवताना तो फूटभर जरी पुढे उसळला, तरी या पातळीवर तो प्रतिस्पर्ध्याचा होतो. तिसरी, निर्णयाचा वेग. चेंडू येण्याआधीच तो कुठे द्यायचा हे ठरलेले असावे लागते. चौथी, एखादे खास कौशल्य. उदाहरणार्थ पेनल्टी कॉर्नर. यात फटका मारून पहिला गोल करायचा तर चेंडू गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरपेक्षा वर असून चालत नाही. ड्रॅग फ्लिकला ही मर्यादा नाही. म्हणून चांगला ड्रॅग फ्लिकर कमी वयातही संघात जागा मिळवतो.

माती आणि टर्फ यांत एवढा फरक का पडतो?

१९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर खेळली जाते. टर्फवर पाणी मारले की चेंडू आणि पृष्ठभाग यांमधले घर्षण कमी होते. चेंडू सरळ आणि वेगाने धावतो. मातीवर तो खड्ड्यावर आपटून उसळतो, दिशा बदलतो. त्यामुळे मातीवर शिकलेला खेळाडू चेंडू जवळ ठेवायला, उसळीचा अंदाज घ्यायला आणि एकट्याने चकवायला शिकतो. टर्फवर कंबर खाली वाकवून, स्टिक जवळपास आडवी धरून खेळावे लागते आणि चेंडू पटकन पुढे द्यावा लागतो. ड्रॅग फ्लिकमध्ये चेंडू जमिनीवरून ओढत नेऊन फेकायचा असतो. खडबडीत मातीवर त्याचा सराव जवळपास अशक्य.

मातीवरचे कौशल्य वाया जात नाही. पण सवयी मोडून नव्या लावायला वेळ लागतो. बारा-तेराव्या वर्षी टर्फ मिळाले तर ते सहज होते. अठराव्या वर्षी पहिल्यांदा टर्फवर पाय ठेवणाऱ्याला समवयस्कांपेक्षा पाच-सहा वर्षे मागून सुरुवात करावी लागते. गुणवत्ता सारखी असूनही निवड चाचणीत तो कच्चा दिसतो.

आखाडा बाळापूरच्या मुलांसाठी वाट कोणती?

कळमनुरी तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव नांदेड–हिंगोली मार्गावर आहे. तासाभराच्या अंतरावरच्या नांदेडला हॉकीची जुनी परंपरा लाभली आहे. गुरू गोविंदसिंगजींच्या जयंतीच्या सुमारास तिथे होणाऱ्या अखिल भारतीय गोल्ड अँड सिल्व्हर कप स्पर्धेला पाच दशके होऊन गेली आहेत. लष्कर, पोलीस, रेल्वे यांचे संघ तिथे खेळून जातात. म्हणजे चांगली हॉकी पाहायला या भागातल्या मुलांना दूर जावे लागत नाही. शेजारच्या यवतमाळचा गोलरक्षक आकाश चिकटे २०१६ मध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. भूगोल आडवा येतो, पण वाट बंद करत नाही, याचे हे उदाहरण.

समजा, बाळापूरच्या शाळेतली सातवीतली एखादी मुलगी वेगवान आहे आणि स्टिकवर हात बसलेला आहे. तिच्यापुढे पहिला दरवाजा शालेय स्पर्धांचा आहे : जिल्हा, विभाग, राज्य. दुसरा, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीचा. तिथे राहणे, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण यांची सोय होते. प्रवेशाच्या चाचण्यांत उंची-वजनासोबत ३० मीटर धाव, शटल रन, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर धाव अशा गोष्टी तपासल्या जातात. यातल्या बहुतेक गोष्टींची तयारी टर्फशिवाय गावच्या मैदानावर करता येते. तिसरा दरवाजा केंद्राच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाचा. त्याचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे.

अडचण दरवाज्यांच्या संख्येची नाही, वेळेची आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलीला चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या पुण्याला वसतिगृहात ठेवायचे की नाही, हे घरच्यांना ठरवावे लागते. तेव्हा हाती जिल्हास्तराच्या प्रमाणपत्राशिवाय काही नसते. निर्णय दोन वर्षे लांबला, तर शारीरिक गुणवत्ता शाबूत राहते, पण टर्फवर घडण्याचे वय निघून जाते.

कबड्डीत जमते, मग हॉकीत का नाही?

प्रो कबड्डीत नवोदितांना थेट संघात घेण्याची स्वतंत्र सोय आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार याच वाटेने पुणेरी पलटणमध्ये आला आणि १ मार्च २०२४ रोजी कर्णधार म्हणून त्याने संघाला विजेतेपद मिळवून दिले. पण कबड्डीची मॅट गुंडाळून शाळेच्या सभागृहात अंथरता येते. हॉकीचे मैदान ९१.४० बाय ५५ मीटरचे. टर्फ बसवायला काही कोटी रुपये लागतात आणि त्यावर खेळायला पाणी. एका सामन्यासाठी हजारो लिटर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यात हा खर्च रुपयांपेक्षा पाण्याने जास्त जाणवतो.

यावर दोन उपाय शक्य दिसतात. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ कमी पाण्यावर आणि पुढे पाण्याविना चालणाऱ्या टर्फकडे वळतो आहे. पॅरिस ऑलिम्पिकच्या मैदानाला आधीच्या मैदानांपेक्षा कमी पाणी लागले. दुसरा उपाय हॉकी फाइव्हजचा. पाच-पाच खेळाडूंचा हा खेळ बराच लहान मैदानावर होतो. जिल्हा क्रीडा संकुलात पूर्ण टर्फ शक्य नसेल, तर लहान टर्फचा तुकडा पहिल्या स्पर्शाच्या सवयीसाठी पुरेसा ठरू शकतो.

संघात जागा मिळाली नाही तर?

बहुसंख्य मुलांबाबत हेच होणार आहे आणि पालकांनी ते आधीच गृहीत धरायला हवे. किमान ४८ जागांच्या लीगवर संपूर्ण बेत आखणे धोक्याचे. मात्र राज्यस्तरापर्यंतच्या वाटचालीचाही उपयोग होतो. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. लष्कर, रेल्वे आणि पोलीस दलांत हॉकीपटूंची भरती होते. भारतीय हॉकीत बराच काळ उदरनिर्वाहाचा खरा आधार ही नोकरीच होती आणि लीग आल्यानंतरही बहुतेकांसाठी ती तशीच आहे.

तर मग उत्तर काय?

महाराष्ट्रातली मुले लीगसाठी तयार आहेत का, या प्रश्नाचे उत्तर मुलींच्या बाबतीत ‘काही जणी नक्की’ असे आहे आणि रांचीच्या अंतिम सामन्याने ते दाखवले. मुलांच्या बाबतीत राज्याला अजून बरेच करायचे आहे. पण मराठवाड्यातल्या मातीवर खेळणाऱ्या मुला-मुलींना हा प्रश्न आजच विचारणे घाईचे ठरेल. त्यांच्यासाठी प्रश्न असा हवा : तेराव्या वर्षी त्यांना आठवड्यातून दोनदा तरी टर्फवर पाय ठेवता येतो का? फलटण तालुक्यातल्या मुलींना तो वेळेत मिळाला. आखाडा बाळापूरमधून आज त्यासाठी एकतर घर सोडावे लागते किंवा खेळ. जिल्ह्याच्या ठिकाणी पहिले छोटे टर्फ अंथरले जाईल, तेव्हा या दोहोंतून एक निवडण्याची वेळ काही मुलींवर तरी येणार नाही.