तापाचा कितवा दिवस?

आज 16 मे, राष्ट्रीय डेंग्यू दिन. चौकाचौकांत फलक लागतील, आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन कुंड्या, कूलर आणि टायरमधले पाणी ओतायला सांगतील. सांगायलाच हवे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, त्याची अंडी कोरड्या पिंपाच्या कडेला महिनोन्‌महिने तग धरतात आणि पावसाचे पाणी मिळताच आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. पण नागरिकांना दरवर्षी उपदेश करताना एक प्रश्न दवाखान्याच्या आतही विचारला पाहिजे. तापाने फणफणलेला माणूस पहिल्यांदा ज्यांच्यासमोर येतो, त्या आशाताई, सिस्टर, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि गल्लीतले डॉक्टर यांना डेंग्यूसारखे डासांतून पसरणारे आजार ओळखण्यासाठी आपण किती तयार केले आहे?

डेंग्यूच्या निदानाचा सगळा हिशेब दिवसांवर चालतो. एनएस-1 ही चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते. आयजीएम प्रतिपिंडे दिसायला साधारण पाचवा दिवस उजाडतो. दुसऱ्या दिवशी आयजीएम तपासले किंवा आठव्या दिवशी एनएस-1 केले, तर डेंग्यू असूनही अहवाल 'निगेटिव्ह' येऊ शकतो आणि घरचे लोक निर्धास्त होतात. झटपट निकाल देणाऱ्या कार्डवर विसंबून चालत नाही, म्हणून सरकारी नोंदीत एलायझा चाचणीलाच पक्के निदान मानतात. आयजीएम एलायझाचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होऊन देशभरच्या ठरावीक रुग्णालयांना पुरवले जातात. इतकी सोय असूनही असंख्य केसपेपरवर फक्त 'ताप, अंगदुखी' एवढेच लिहिलेले असते. ताप कोणत्या तारखेला चढला, ही नोंद नसते. ती नसेल तर पुढची प्रत्येक चाचणी अंदाजाने होते.

याहून मोठी चूक ताप उतरल्यावर घडते. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप ओसरताना सुरू होतो आणि 24 ते 48 तास टिकतो. या वेळी रक्तातला द्रव केशवाहिन्यांबाहेर झिरपू लागतो. रुग्ण ताप नाही म्हणून घरी जातो, घरचे खिचडी भरवतात, आणि त्याच रात्री त्याचे पोट दुखू लागते, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात. डॉक्टरांनी 'ताप गेला की पुन्हा दाखवायला या, तेव्हाच जास्त लक्ष ठेवायचे आहे' असे बजावलेले असेल, तर हा माणूस वेळेत परत येतो.

रक्ताचा अहवाल हातात आला की सगळ्यांचे डोळे प्लेटलेट्सच्या आकड्यावर जातात. पेशी किती, कालच्यापेक्षा किती उतरल्या, एवढीच चर्चा वॉर्डात आणि फोनवर चालते. त्याच कागदावर पीसीव्ही नावाची एक ओळ असते. काल 38 असलेला तो आकडा आज 46 झाला असेल, तर रक्त दाटले आहे, म्हणजे द्रव बाहेर झिरपतो आहे. वीस टक्क्यांची ही वाढ प्लेटलेट्सच्या आकड्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे, पण ती वाचली जात नाही. रक्तदाबाचेही तसेच. 100/80 हा आकडा वरवर ठीक दिसतो, पण वरच्या-खालच्या आकड्यांतले अंतर 20 वर आले असेल तर रुग्ण शॉकच्या उंबरठ्यावर असू शकतो. हे ओळखायला रक्तदाबाचे यंत्र पुरते आणि ते उपकेंद्रातही असते.

उपचारांची गोष्टही याच ज्ञानाला जोडलेली. डेंग्यूवर विषाणू मारणारे औषध नाही. पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि नीट मोजून दिलेले सलाईन यांवर बहुतेक रुग्ण बरे होतात. तरी डायक्लोफेनॅकची सुई सर्रास टोचली जाते, जी रक्तस्राव वाढवू शकते. रक्तस्राव नसेल तर पेशी 10 हजारांखाली जाईपर्यंत प्लेटलेट्सची पिशवी सहसा लागत नाही. तरीही आकडा 50 हजारांवर आला की नातेवाईक रक्तपेढ्यांत धावतात. एकट्या डॉक्टरांना दोष देणे अन्यायाचे होईल. समोर दहा नातेवाईक उभे असताना 'आज पिशवी नको' म्हणायला स्वतःच्या ज्ञानावर भक्कम विश्वास लागतो, आणि तो विश्वास प्रशिक्षणातूनच येतो.

महाराष्ट्राला डासांतून पसरणारे असे विषाणू नवे नाहीत. 1973 मध्ये बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. त्यानंतर तो आजार जवळजवळ विस्मरणात गेला आणि तीन दशकांनी, 2005-06 मध्ये परतला. 2006 या एका वर्षात देशात सुमारे 13 लाख 90 हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. मधल्या काळात पदवी घेतलेल्या डॉक्टरांच्या पिढीने या आजाराचा रुग्ण पाहिलेलाच नव्हता. जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले. स्थानिक आरोग्य यंत्रणेने नमुने पुण्याला पाठवले आणि पुढच्या तपासणीत चिकुनगुन्या आणि डेंग्यूबरोबर राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. कोणाला तरी वाटले की हा ताप नेहमीचा नाही, म्हणून ते उघड झाले. झिका बहुतेकांना लक्षणांशिवायच होऊन जातो, पण गर्भवतीच्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो. अशा गावात तापाने आलेल्या गर्भवतीचा नमुना पाठवायलाच हवा, हे सिस्टरना ठाऊक असले पाहिजे.

कार्यशाळा होतात, त्या बहुतांशी सरकारी कर्मचाऱ्यांच्या. शहरात आणि तालुक्याच्या गावी तापाचा रुग्ण आधी जातो तो खासगी दवाखान्यात, आणि तिथवर प्रशिक्षण फार कमी पोहोचते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीची पदवी घेऊन तिथे ताप तपासणारे हजारो डॉक्टर तर प्रशिक्षणाच्या यादीत क्वचितच असतात. त्यांना वगळून साथ आवरणार नाही.

पाऊस तीन आठवड्यांवर आला आहे. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा हिवताप अधिकारी आणि महापालिकांचे आरोग्य विभाग यांनी डॉक्टरांच्या स्थानिक संघटनांना सोबत घेऊन जूनपूर्वी प्रत्येक तालुक्यात अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण घ्यावे. त्याला खासगी दवाखान्यातले डॉक्टर आणि परिचारिका यांनाही बोलवावे. संशयित रुग्ण कळवायचा कोणाला, नमुना न्यायचा कुठे, हे एका कागदावर छापून प्रत्येक दवाखान्यात द्यावे. केसपेपरवर 'ताप सुरू झाल्याची तारीख' असा रकाना छापून घ्यायला तर कोणत्याही मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही.